कुपी उघडल्यापासून चार तास

गोवराची लस भुकटीच्या रूपात येते. काचेच्या इवल्या कुपीत तळाशी पांढरा चुरा, एवढंच. त्यात सोबतचं पाणी मिसळलं की घड्याळ सुरू! चार तास. चार तासांच्या आत दंडात गेली तर लस, नाहीतर कचरा. आरोग्यसेविका म्हणून सव्वीस वर्षं मी या घड्याळाशी पळते आहे आणि अजूनही कुपी उघडली की आधी मनगटाकडे बघते. गेल्या हंगामात तर मी अशी पळाले की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण ते सांगायचं तर आधी दुसरं काही सांगावं लागेल. ते मी आठ वर्षं कुणाला बोलले नव्हते, घरी नवऱ्यालासुद्धा नाही. मुळात मी कमी बोलणारी. दवाखान्यात पाठीमागे मला ‘घुमी सिस्टर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आज घुमेपणा सोडते.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे सुई टोचणं. सुई टोचायला किती वेळ लागतो? ‘आई गं’ म्हणेपर्यंत होतं. बाकीचा सगळा जन्म जातो तो मूल शोधण्यात. मूल बाजरीच्या कणगीमागे असतं, मामाच्या गावाला असतं, आणि ‘आमच्यात न्हाई कोन ल्हान’ म्हणणाऱ्या बाईच्या पदराखाली असतं. माझ्या पहिल्या उपकेंद्रात एक आजी नातवाला पोलिओचे थेंब पाजायला आणायची आणि दुसऱ्या हातात दाव्याला वासरू.

“दोन थेंब ह्येलाबी सोडा, सिस्टर. पाय अधू हाईत.”

“आजी, हे माणसांसाठी आहे.”

“मंग? माज्याच घरात ऱ्हातंय की त्ये. न्हाई का मानसात?”

एकदा शिर्डीला गर्दीच्या दिवसांत फिरत्या पथकात होते. कुठल्या कुठल्या मुलखातून आलेली माणसं, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. एका बापानं माझ्या हातातली थेंबांची कुपी पाहिली, हात जोडले आणि विचारलं, “प्रसाद?” रांग मोठी होती. मी म्हटलं, “प्रसाद.” पोरानं लगेच आ केला! हे खोटंच झालं. पण या खोट्यानं माझी झोप कधी उडवली नाही. झोप उडवली ती दुसऱ्या खोट्यानं, आणि ते मी तोंडानं बोललेसुद्धा नव्हते. खडूनं काढलं होतं.

पोलिओच्या मोहिमेत आम्ही घरोघर जातो. ज्या घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला, त्या भिंतीवर खडूनं इंग्रजी ‘पी’ काढायचा. घर बंद असेल, मूल बाहेर गेलं असेल तर फुली. फुलीच्या घरी संध्याकाळी परत जायचं, नाही भेटलं तर उद्या परत. शिवाय प्रत्येक घरी कार्ड मागायचं आणि बाकीच्या कुठल्या लशी राहिल्यात ते उतरवून घ्यायचं. पद्धत चांगली आहे, कुणीतरी डोकं लावून बसवलेली आहे. पण संध्याकाळच्या बैठकीत ज्याच्या फुल्या जास्त, त्याला उभं करून विचारायचे, “फिरलात, का झाडाखाली बसलात?” सगळे हसायचे. उभं राहून उत्तर देणं मला कधी जमलं नाही. त्या वेळी मी शेवगावच्या कोरड्या पट्ट्यात होते. दिवाळी झाली की तिथली निम्मी वस्ती ऊसतोडीला कारखान्यांवर जाते. दारांना कुलपं नसतील तर काय असेल? हे एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघायचं नाही.

जानेवारीतली दुपार होती. ओढ्यापलीकडची वस्ती, तिच्यातलंही शेवटचं, पत्र्याच्या दाराचं घर. दाराला कुलूप. मनाशी म्हटलं, गेले असतील कोयत्यावर, तोडीला. फुली काढली तर संध्याकाळी ओढा उतरून परत यायचं, आणि बैठकीत उभं राहायचं ते वेगळंच. खडू हातात होता. मी ‘पी’ काढला. सुबक काढला. माझं अक्षर चांगलं आहे.

ते घर शोभाचं. त्या वर्षी नवरा भावाबरोबर तोडीला गेला होता, आणि ती दहा महिन्यांच्या पोरीसाठी मागे राहिली होती. त्या दुपारी ती पोरीला झोळीत टाकून दोन शेतं पलीकडे कापूस वेचत होती. संध्याकाळी गेले असते तर दारातच भेटली असती. कार्डावर गोवराच्या लशीची जागा कोरी होती. ती दिसली असती आणि पुढच्या बुधवारी, टोचणीच्या दिवशी, लस झाली असती. पण ज्या घरावर ‘पी’ असतो तिथे परत कुणी जात नाही. त्यासाठीच तर तो काढायचा असतो.

चैत्रात पोरीला गोवर आला. ताप उतरला, पण कान वाहायला लागले.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन वर्षांनी शोभा पोरीला घेऊन उपकेंद्रात आली. पोरीचं नाव सोनाली.

“हाक मारली तरी बगत न्हाई वो. बोलत तर न्हाईच.”

मी कार्ड पाहिलं. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “त्या जानेवारीत तुम्ही तोडीला गेला होता ना?”

“न्हाई. हितंच हुते की. कापूस येचत हुते.”

मी कार्ड मिटलं.

शोभाच म्हणाली, “माजीच चूक हाय, सिस्टर. पोरगी गोवरानं फनफनलेली, आन् ह्ये पाच म्हयन्यांनी कारखान्यावरनं घरी आले. म्हनले, पिठलं कर झनझनीत. मी फोडनी दिली. सासूनं लई सांगितलं हुतं, गोवर असताना घरात तेल कडकडू देऊ नगं. म्या ऐकलं न्हाई. माज्या फोडनीनं पोरीचे कान गेले.”

आमच्या भागात ही रीत आहे. घरात गोवर-कांजण्या असल्या की फोडणी नाही, तळण नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा. रीतीचं मला वावडं नाही, कडुलिंबानं कुणाचं वाईट होत नाही. पण तिला त्या वेळी दोन वाक्यं हवी होती: फोडणीनं कान जात नाहीत. लस चुकली म्हणून गेले, आणि लस माझ्यामुळं चुकली. मी काय बोलले? “नगरला कानाच्या डॉक्टरांना दाखवा.” चिठ्ठी लिहून दिली. सुबक अक्षरात. आणि त्याच महिन्यात बदलीचा अर्ज केला.

बदली झाली ती पाटपाण्याच्या भागात. नजर पोचेल तिथपर्यंत ऊस. वाटलं, सुटले. पण ज्या माणसांची कुलपं तिकडे पाहायची, तीच माणसं दर हंगामात इथे माझ्यासमोर कोप्या बांधून राहायला लागली! कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि प्लास्टिकचा कागद, वाकून आत शिरायचं. त्या मुलांचा हिशेब असा की गावाकडची सिस्टर लिहिते ‘स्थलांतरित’ आणि इकडची म्हणते ‘आमच्या गावचं नाही’. शाळेचंही तेच, नाव एका गावच्या हजेरीपटावर आणि मूल दुसऱ्या गावच्या बांधावर. दोन्हीकडचं मूल, म्हणून कुणाचंच नाही. मी मात्र कोपी सोडायची नाही. लोक म्हणायचे, केवढी तळमळ! तळमळ होती खरी, पण तिचं कारण लोकांना माहीत नव्हतं.

तर गेला हंगाम. एका नव्या टोळीत पुरळ आलेलं पोर सापडलं. गोवरच. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि डॉक्टरसाहेब म्हणाले, उद्या टोळीतल्या पाच वर्षांखालच्या सगळ्यांना टोचून घ्या. टोळीच्या मुकादमाकडून, तात्याकडून, मी पोरांची नावं उतरवून घेतली, एकोणीस मुलं. दहा डोसांच्या दोनच कुप्या शिल्लक होत्या, म्हणजे बरोबर पुरतील. सकाळी आठला तात्याचा फोन.

“सिस्टर, आज टोळी हालतीय. नदीच्या पल्याड. एकला ट्रॅक्टर येनार.”

“तात्या, अहो मुलांना…”

“त्ये तितं गेल्याव बगा.”

तिथं म्हणजे दुसरा तालुका, दुसरं केंद्र, पुन्हा पहिल्यापासून नावं. तोवर गोवर काय थांबणार होता? लशीचा डबा घेतला, बर्फाच्या पिशव्या भरल्या, स्कूटी काढली. वाऱ्यानं डोळ्यांना पाणी येत होतं आणि मी मोठ्यानं स्वतःशीच बोलत होते, ‘पाच तास आहेत, पाच तास आहेत!’

एक गोष्ट शिकून घ्या. नवी सिस्टर दहा वाजता कोप्यांवर जाते आणि तिला कुत्री भेटतात. जुनी सिस्टर नऊला थेट फडात जाते. फड म्हणजे तोड चाललेला ऊस. पहाटेपासून राबणाऱ्या बाया नऊला भाकरी सोडतात, पोरं भोवतीच असतात. मी पोचले तेव्हा भाकरीची फडकी सुटत होती.

सगळ्यांत तरुण होती कांता, दोन पोरांची आई. मी समजावलं, तिला पटलं. “टोचा, सिस्टर.” मी पहिली कुपी उघडली, पाणी मिसळलं, वेळ लिहिली: नऊ वाजून दहा मिनिटं. सुई भरली, तेवढ्यात मागून आवाज आला.

“कांता, थांब. गोवर फिरत आसताना सुई लावू नी. माज्या पोरीचं काय झालं त्ये मोळ्या बांधताना सांगितलं न्हाई का मी तुला?”

वळायच्या आधीच मी आवाज ओळखला. शोभा. कडेवर वर्षभराचा मुलगा. शेजारी नऊ वर्षांची सोनाली माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“सिस्टर, तुमी व्हय?” शोभा ओळखीचं हसली. मग बायांना म्हणाली, “सिस्टर चांगल्या हाईत. पन ह्ये सुईचं काम न्हाई. पाळनूक करा. आज कुनाच्या चुलीवर फोडनी नगं. मी केली आन् काय झालं, ही बगा.” तिनं सोनालीला पुढे केलं.

कांतानं पोराचा दंड झाकला. बाकीच्या बाया उठायला लागल्या. तात्या लांबून ओरडला, “आवरा! पोरास्नी ताप आनून ठिवनार ह्या, मंग मोळ्या मी बांदू का?”

शोभा टोळीत जुनी, बाया तिचं ऐकत. आणि ती सांगत होती ते तिच्या पोरीच्या कानांवर शपथ घेऊन सांगत होती. त्यापुढे माझ्या माहितीपत्रकाला कोण विचारतं? एकोणीस मुलं उठून चालली होती आणि त्यांना थांबवील असं एकच वाक्य जगात होतं. ते माझ्यापाशी होतं. आठ वर्षं होतं.

“शोभा, फोडणीनं काही झालं नाही,” मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. “तुझ्या घराला कुलूप होतं त्या दिवशी मी आले होते. परत यायला हवं होतं. आले नाही. डोस दिला अशी खोटी खूण करून गेले. सोनालीची लस माझ्यामुळं राहिली. कान त्यानं गेले. मला पाच वर्षांपासून माहीत आहे.”

शोभाच्या हातात कोयता होता. मी त्याच्याकडे पाहिलं, नाही म्हणत नाही. पण तिचं लक्ष कोयत्याकडे नव्हतंच.

“फोडनीनं न्हाई?”

“नाही.”

“खरं सांगतीस?”

“खरं सांगते.”

ती मटकन सरीत बसली. “आगं, आठ वर्सं झाली,” ती म्हणाली. कुणाला, ते कळेना. “आठ वर्सं मी चुलीवर तेल ठिवलं न्हाई. सासू मरताना म्हनली, तूच पोरगी भैरी केली. नवरा अजून बोलतो, दारू पिला की. आन् तू चिठ्ठी लिवून दिली व्हतीस मला. चिठ्ठी!”

मला वाटलं, आता ती उठून मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. ती उठली, पोराची बंडी वर केली आणि दंड माझ्यापुढे धरला.

“आदी ह्येला टोच. मंग तुज्याकडं बगते.”

आणि मग! मग काय सांगू? कांता परत फिरली, तिच्यामागून दुसरी, तिसरी. शोभा स्वतः एकेकीच्या नावानं ओरडत होती, “ए लता, पोरगं आन! लपवतीस काय, ह्या बाईनं लपवलं ते बास झालं!” मलाच टोला हाणून माझंच काम करत होती. मी टोचत होते, डाव्या अंगठ्यावर काळी खूण करत होते, नाव लिहीत होते. आठ, नऊ, दहा. दुसरी कुपी उघडली. सतरा. अठरा.

अठराच! कांताचा थोरला, चार वर्षांचा, सुई बघून उभ्या उसात पळाला होता. साडेबारा वाजत आलेले. उसात शिरलेलं पोर सापडणं म्हणजे काय, ते तिथलीच माणसं जाणतात. हाका सुरू झाल्या, “बाळ्या! ए बाळ्या!” सगळीकडून आवाज आणि सळसळ, कुणाला काही कळेना. तेवढ्यात माझी ओढणी कुणीतरी ओढली. सोनाली. हाकांशी तिला काय करायचं होतं? ती वर बघत होती. वारा पडलेला होता, सगळा ऊस स्तब्ध, आणि दहा-बारा सऱ्या आत एकाच जागी उसाचे शेंडे हलत होते. तिनं बोट केलं. कांता धावली आणि बाळ्याला काखोटीला मारून घेऊन आली! एकोणीस! बारा वाजून चाळीस मिनिटं. मी आयुष्यात पहिल्यांदा फडात टाळी वाजवली. सोनालीनंही वाजवली.

ट्रॅक्टर वेळेआधीच आला होता. तात्या बोंबलत होता.

मी म्हटलं, “लस दिल्यावर अर्धा तास मुलाला डोळ्यांसमोर ठेवायचं असतं. एक दहापर्यंत कुणी हलणार नाही.”

“सिस्टर, ट्रॅक्टर काय तुमच्या बापाचा हाय का?”

“तुमच्या तरी बापाचा कुठे आहे, तात्या?”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तात्याही बांधावर बसला आणि तंबाखू मळू लागला. घुमी सिस्टर हे बोलली, यावर दवाखान्यात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

बरोबर एक दहाला ट्रॉली हलली. शोभा वर सामानावर बसली होती. माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाली, “हितं भिंत न्हाई, सिस्टर. पी कुटं काडनार?”

मी लशीचा डबा स्कूटीला बांधला.

नदीपलीकडच्या सिस्टरला मी एकोणीस नावं त्याच दिवशी सांगितली आणि पुढे तीन आठवडे रोज फोन केला. शेवटी ती वैतागली, “अहो बाई, मुलं तुमची का माझी?” मी म्हटलं, “दोघींची.” टोळीत पुन्हा कुणाला गोवर आला नाही. दवाखान्यात नेलेलं पोरही बरं झालं. मग मी साहेबांना आठ वर्षांपूर्वीचं सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. “कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला,” ते म्हणाले. तेच तर. चौकशी चालू आहे. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत काय निकाल लागेल, माहीत नाही. लागायचा तो लागो.

चैत्र उतरताना टोळ्या घरी परतल्या, तेव्हा मी शेवगावकडची एस.टी. धरली. पिशवीत सोनालीचे कागद होते. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत जूनला जागा होती. मी आधी जाऊन शाळा पाहून आले होते, बाईंशी बोलले होते. त्या म्हणाल्या होत्या, नऊ वर्षांची? उशीर झाला, पण घेऊ, पालकांची सही आणा. ओढा कोरडा होता. तो ओलांडला. शेवटचं, पत्र्याच्या दाराचं घर.

दाराला कुलूप.

मी ओट्यावर बसले. दुपार टळली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं, “खुरपायला गेल्यात, लई उशीर व्हईल, उद्या या.” मी म्हटलं, “बसते.”

दिवस मावळताना शोभा आली. डोक्यावर गवताचा भारा, मागे सोनाली, तिच्या कडेवर भाऊ. मला बघून शोभा थबकली.

“कुलूप दिसलं न्हाई व्हय?”

“दिसलं.”

“मंग?”

“बसले.”

तिनं भारा टाकला, कुलूप काढलं, आत गेली. दार उघडंच ठेवलं. मी कागद मांडीवर घेऊन उंबऱ्याबाहेरच होते. आत काटक्या मोडल्या, चूल पेटली. डब्याचं झाकण पडलं. ते परत लागलं, परत निघालं. मग तेल तापल्याचा वास आला, आणि एकदम मोहरी तडतडली, वरून मिरची.

सोनाली दारात पाठमोरी बसली होती, तिला यातलं काही ऐकू येणार नव्हतं. पण ठसका तिच्यापर्यंत आला. ती शिंकली. पुन्हा शिंकली. नाक चोळत तिनं वळून आईकडे पाहिलं, चुलीवरच्या तव्याकडे पाहिलं, आणि खोकत खोकत हसायला लागली.

“जेवून जा,” आतून शोभा म्हणाली. “आन् त्ये कागद आन हिकडं, उजेडात.”